टेकापोची थंडी आणि न भरणारी बॅटरी

जून-जुलैत न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मोटारहोमने जाणार असाल, तर गाडीतल्या विजेचा विचार घरूनच करून निघा. क्राइस्टचर्चहून जेराल्डीन, फेअर्ली, बर्क्स पास करत टेकापो साधारण तीन तास. रस्ता उत्तम, वळणं कमी, फेअर्लीच्या बेकरीत थांबाच.

आमची गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली. दिवसभर इंजिन चाललं, म्हणजे आतली बॅटरी (दिवे-हीटर चालवणारी, इंजिनच्या बॅटरीहून वेगळी) भरलीच असणार असं कोणीही धरून चालेल. टेकापो 710 मीटर उंचीवर आहे. पहाटे हीटर बंद, काचांवर आतून बर्फाचा पापुद्रा. हिने पांघरुणातूनच विचारलं, "तू बंद केलास का रे?" बॅटरीच्या मॉनिटरवर 11.7 व्होल्ट, म्हणजे जवळजवळ रिकामी. हीटर डिझेलचा असला तरी सुरू होताना ग्लो प्लग तापवायला आठ-दहा अँपिअर ओढतो, आणि व्होल्टेज पडलं की आपला आपण बंद होतो.

छतावरच्या सोलरवर इथे हिवाळ्यात भिस्त ठेवू नका. भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 22-23 अंश वर येतो, तोही उत्तरेकडून! सुटं पॅनेल असेल तर ते उत्तरेला तोंड करून तिरकं लावा.

अशा वेळी मिळेल तो सल्ला एकच असतो: बॅटरी गेली, नवी टाका. त्या खर्चाआधी साधा मल्टिमीटर काढा. टेकापोहून पुढे ट्वायझल गावातल्या हॉलिडे पार्कमध्ये वीज असलेली जागा घेतली आणि 230 व्होल्टची केबल जोडली. चार्जर चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर 14.4 आले. सकाळी केबल काढून तासाभराने पाहिलं तर 12.7. म्हणजे चार्जर ठीक, बॅटरीही चार्ज धरतेय. दोष इंजिनकडून येणाऱ्या वाटेवर.

मग इंजिन चालू ठेवून वाट धरत गेलो. इंजिनच्या बॅटरीवर 14.2. रिलेच्या (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणाऱ्या स्विचच्या) पलीकडे 14.1, म्हणजे रिले जोडतोय. फ्यूजच्या अलीकडे 14.1, पलीकडे 12.7! फ्यूज मात्र शाबूत. होल्डरचं प्लास्टिक एका बाजूने तपकिरी झालेलं, आणि तिथला नट नुसत्या बोटाने फिरत होता. लूज कॉन्टॅक्ट, दुसरं काही नाही. बॅटरीपर्यंत करंट पोचत होता, पण गळक्या नळाच्या धारेइतका.

इंजिन बंद केलं, दोन्ही बॅटऱ्यांची निगेटिव्ह वायर आधी काढली (जोडताना ती शेवटी), लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला आणि ट्वायझलच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला नवा होल्डर बसवला. फ्यूज मात्र होता तेवढ्याच अँपिअरचा ठेवा. मोठा टाकलात तर फ्यूजऐवजी वायर जळेल. पुन्हा इंजिन लावलं, आतल्या बॅटरीवर 13.9.

पुढचा मुक्काम माउंट कुकजवळच्या व्हाइट हॉर्स हिल कॅम्पसाइटवर. तिथे विजेची जोडणी नाहीच. हीटर रात्रभर चालला, पहाटे 12.4. लेड-ॲसिड किंवा एजीएम (तिचाच सीलबंद प्रकार) बॅटरी 12.2 ला अर्धी रिकामी असते, त्याखाली वारंवार नेऊ नका.

तुमची गाडी नवीन असेल तर प्रकरण वेगळं. त्यातला स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनवर चालणारं जनित्र) मध्येच व्होल्टेज उतरवतो आणि साधा रिले सुटतो. तिथे डीसी-टू-डीसी चार्जरच (कमी-जास्त व्होल्टेजवरूनही आतली बॅटरी नीट भरणारा) हवा. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज होत नाही, तिची बीएमएस (बॅटरीची राखण करणारं सर्किट) वाटच बंद करते. अशा सकाळी वायरी उकलत बसू नका, आधी बॅटरीचा कप्पा गरम होऊ द्या.

मल्टिमीटर, दहाचा आणि तेराचा पाना, जादा फ्यूज, पॉलिश पेपर एवढं ट्वायझलमध्येच गोळा करा. माउंट कुकच्या गावात हार्डवेअरचं दुकान नाही.