झाकणवाले शंख शोधत गोदाकाठाने

त्र्यंबकेश्वरजवळ चक्रतीर्थाला पोचलो तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. डिसेंबरातलं पाणी, पाय घातला की घोट्याला कळ. भाच्याने माशांच्या टाकीसाठी पाण्याचा जडपणा तपासायचा संच आणला होता, तो मी मागून घेतला होता. नळीतलं नारिंगी पाणी तिसऱ्याच थेंबाला हिरवं झालं. अगदी हलकं पाणी. ब्रह्मगिरीवर पडलेला पाऊसच तो, काळ्या कातळातून त्यात कॅल्शियम उतरतं फार सावकाश. आणि गोगलगायीला शंख बांधायला कॅल्शियमच लागतं. दगडाखाली सापडलेल्या लांबट, मिनारासारख्या शंखांचे शेंडे झिजून पांढरे पडले होते.

"मावशी, हा तर दार लावून बसलाय!" भाचा ओरडला.

तेच मला हवं होतं. झाकण असलेल्या या गोगलगायी कल्ल्यांनी श्वास घेतात, म्हणजे त्यांना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. बिनझाकणाच्या बऱ्याच जातींना फुप्फुस असतं, त्या वर येऊन हवा घेतात.

दुपारी नाशिक शहरात, तपोवनाच्या खाली उतरलो. इथे अकरा थेंब लागले. चुना मुबलक, मग शंखांचे प्रकारही मुबलक हवेत, असा माझा हिशोब. पण काठावर शेकडो गोगलगायी आणि जाती दोनच: चपटी, गुंडाळीसारखी इंडोप्लॅनॉर्बिस आणि डावीकडे तोंड असलेली फायसा, मूळची उत्तर अमेरिकेतली. झाकणवाली एकही नाही! सांडपाणी कुजवताना जिवाणू ऑक्सिजन संपवतात, आणि वर अमोनिया असतोच. दुपारी शेवाळामुळे पाण्याचा सामू (pH) चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. ज्याला वर येऊन श्वास घेता येतो तोच इथे टिकतो. नुसती गर्दी पाहिली तर नदी भरलेली वाटते. जाती मोजल्या आणि काळजात चर्र झालं. शिवाय त्या चपटीतून गुरांना रक्तातल्या कृमींची बाधा होते, आणि पलीकडे म्हशी गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या.

दुसऱ्या दिवशी नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेल्याचं 2020 मध्ये जाहीर झालं, राज्यातलं पहिलं. खाणगाव थडीच्या बाजूला जाळं सोडवत बसलेल्या एका काकांना मी पानवेलीखाली, म्हणजे जलपर्णीखाली, शंख मिळतात का, ते विचारलं.

"तिथं जाळंच टाकत नाही, ताई. पानवेलीखाली मासा गुदमरतो."

जलपर्णीच्या गालिच्याखाली ऊन जात नाही, वारा पाण्याला शिवत नाही, ऑक्सिजन येणार कुठून? त्यांनी दाखवलेल्या मोकळ्या काठावर वाळू चाळली, तेव्हा गोल, पट्ट्यापट्ट्यांची बेलामिया मिळाली. दार घट्ट लावलेली. थोड्या अंतरावर उघड्या चोचीचा करकोचा चिखलात चोच खुपसत होता. तो उडाल्यावर भाचा धावत गेला आणि रिकाम्या शंखाशेजारचं ओलं झाकण तळहातावर घेऊन आला.