बाराव्या मजल्यावरच्या भांड्यांना कल्हई: माझा अनुभव

पुण्याच्या पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी उतरवून चार बिऱ्हाडांत वाटली. आमच्या वाट्याला १९ नग आले आणि बाणेरच्या बाराव्या मजल्यावर, ट्रॉल्यांच्या स्वयंपाकघरात येऊन पडले. त्यात शोभेची झाडं लावा किंवा मोडीत काढा, असं बहुतेकांनी सुचवलं. मला ती रांधायला हवी होती. त्यासाठी कल्हई हवी, आणि सोसायटीत राहून कल्हई करून घेणं म्हणजे काय काय असतं ते इथे लिहिते आहे. अजून बऱ्याच घरांत अशी भांडी पोत्यात बांधून ठेवलेली आहेत म्हणून.

आधी हे लक्षात घ्या की सगळ्याच भांड्यांना कल्हई लागत नाही. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की कळकते, हे पूर्वी लहान मुलांनाही ठाऊक असायचं. आता तो शब्दच घरातून गेला आहे. आंबट आणि खारट पदार्थ तांबं विरघळवतात, चव तुरट-धातूसारखी होते, आणि असं अन्न पोटात गेलं तर मळमळ, उलट्या होतात. कल्हई म्हणजे आतून दिलेला शुद्ध कथिलाचा पातळ थर. तो अन्न आणि पितळ यांच्यामध्ये उभा राहतो. त्यामुळे ज्यात शिजतं किंवा खारट-आंबट साठवलं जातं त्याच भांड्याला कल्हई: पातेली, तपेल्या, सट, डाव, ओगराळी. पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडा-कळशी, घंगाळ, ताम्हण, समई यांना नको. तळणीच्या पितळी कढईलाही नको, कारण तळणीच्या आचेवर कल्हई टिकत नाही. काशाच्या वाट्यांना तर मुळीच नको; कासं ठिसूळ असतं, भट्टीत द्यायला जाल तर तडकेल. कासं ओळखायचं ते आवाजावरून. टिचकी मारल्यावर घंटेसारखा नाद बराच वेळ राहतो, पितळ लवकर गप्प होतं. १९ पैकी ११ नग उरले.

दुसरं काम तपासणीचं, आणि इथे घाई केली की पुढचा खर्च वाया जातो. प्रत्येक भांडं पाण्याने काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवलं. सकाळी दोन पातेल्यांखाली कागद ओला. शिवाय तीन भांड्यांना पोचे. गळती आणि पोचे कल्हईच्या आधीच काढायचे, नंतर नाही. पोचा ठोकताना कथिलाचा थर ताणला जाऊन फाटतो. पितळी झाळ द्यायची, म्हणजे पितळ वितळवून भोक सांधायचं, तर भांडं कल्हईपेक्षा कितीतरी जास्त तापवावं लागतं आणि झाळाच्या जागी कथील असलं तर झाळ नीट धरत नाही. जुन्या भांड्याला कधी काळी नुसता डाख, म्हणजे कथील-शिशाचा मऊ सांधा, लावलेला असेल तर तेही आधीच सांगून ठेवा. डाख कल्हईच्या आचेला वितळतो आणि भट्टीवरच भांड्याला भोक पडतं. शिवाय डाखात शिसं असतं, त्यामुळे रांधायच्या भांड्यात तो नकोच.

पोच्यांसाठी कसब्यातली तांबट आळी गाठली. हल्ली कसबा पेठ मेट्रो स्थानकावर उतरून चालत जाता येतं. तांबट आणि कल्हईवाले हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, लोक यात हमखास गल्लत करतात. तांबट भांडं घडवतो, त्यावर मठारकाम करतो, म्हणजे गुळगुळीत हातोड्याने एकसारख्या ठिपक्यांच्या रांगा ठोकतो. ते फक्त सुंदर दिसण्यासाठी नसतं. ठोकण्याने पत्रा कडक होतो आणि भांडं सहज चेमटत नाही. पोचा काढायला दिलेल्या भांड्यावर जुनं मठारकाम असेल तर ते तसंच राखायला सांगा. आणि भांडी चकचकीत करून देतो म्हणणाऱ्याला यंत्राच्या पॉलिशसाठी, विशेषतः आतून, देऊ नका. बफिंगमध्ये धातू घासला जातो आणि जुन्या पातेल्याचा तळ आधीच झिजलेला असतो.

माझी पहिली खेप फसली ती कथिलामुळे. एका ठिकाणी दोन पातेली करून घेतली, दिसायला आरशासारखी. मग जाणत्या माणसाने विचारलं, कथील कोणतं वापरलं? कथील शिशापेक्षा दहापटीहून महाग आहे, त्यामुळे शिसं मिसळायचा मोह होतो. डोळ्यांना फरक कळत नाही. उलट मिश्रण कमी आचेवर वितळतं आणि छान पसरतं, म्हणून काम सोपं जातं. पण शिसं अन्नात उतरतं आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा कितीही कमी डोस निर्धोक मानला जात नाही. ती दोन्ही पातेली मी वापरलीच नाहीत.

म्हणून दुसऱ्या खेपेला कथील आपणच आणलं. दुकानात शुद्ध कथील असं स्पष्ट सांगून घ्यायचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली ६०-४० लिहिलेली तार चालणार नाही; त्या आकड्याचा अर्थच ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असा आहे. घरी दोन चाचण्या करता येतात. बारीक कांडी कानाजवळ धरून वाकवली की शुद्ध कथील कर्रकर्र असा आवाज करतं, पायाखाली करकरीत वाळू चिरडावी तसा. भेसळ वाढली की आवाज मंदावतो. दुसरी, कांडी पांढऱ्या कागदावर घासायची. शिसं जास्त असेल तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. या दोन्ही चाचण्या ढोबळ आहेत, ढळढळीत भेसळ पकडतात, थोडीशी पकडतीलच असं नाही. तीन लिटरच्या पातेल्याला साधारण १० ग्रॅम कथील लागतं, म्हणजे ११ भांड्यांना १५० ग्रॅम पुरून उरावं.

आता सोसायटी. पूर्वी कल्हईवाला आळीत हाक देत यायचा, झाडाखाली खड्डा खणून भाता लावायचा. आमच्याकडे खणायला माती नाही. जिथे माती आहे तिथे खाली पार्किंगचा स्लॅब आहे. वाड्याच्या चौकात जे आपोआप व्हायचं त्यासाठी इथे अर्ज लागतो. कमिटीचा आक्षेप धूर, आग आणि फरशी या तिन्हीवर होता. मला तो अवाजवी वाटला नाही, त्यामुळे वाद घालण्याऐवजी प्रत्येकाचं उत्तर अर्जातच लिहिलं. जागा मागच्या फाटकाजवळची उघडी, गॅसच्या पाइपलाइनपासून आणि गाड्यांपासून लांब. गाड्या लांब ठेवायचं कारण आगीपुरतं नाही, नवसागराचा पांढरा धूर थंड होऊन बारीक भुकटीसारखा बसतो आणि ओल मिळाली की पत्रा गंजवतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम कधीही करू नका, तिथे धूर साचतो आणि धूरशोधकही वाजतो. खाली जाड पत्रा, त्यावर तीन इंच वाळू, वाळूवर विटांचे दोन थर आणि त्यावर भट्टी. थेट काँक्रीटवर किंवा पेव्हर ब्लॉकवर भट्टी लावली तर आतली ओल तापून वरचा पापुद्रा उडतो. जवळ पाण्याच्या दोन बादल्या आणि अग्निशामक सिलिंडर. भांडी साफ करायला ॲसिड आवारात वापरणार नाही, अशीही एक ओळ लिहिली. परवानगी चार दिवसांत मिळाली.

एकट्या घराच्या ११ भांड्यांसाठी कल्हईवाल्याला सामान घेऊन इतक्या लांब येणं परवडत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर विचारल्यावर नऊ घरांतून ४३ नग निघाले. दर नगावर नाही, भांड्याच्या तोंडाच्या व्यासावर इंचाच्या हिशेबाने ठरवला, कथील आमचं धरून. प्रत्येक भांड्याला सुतळीने फ्लॅटचा नंबर बांधला, तोही भट्टीवर चढवताना काढून वहीत क्रमांक लिहायचा. सुतळी जळते, आणि एकसारखी दोन पातेली निघाली की शेजाऱ्यांत कटुता येते. कल्हईवाल्या चाचांना फाटकावर अडवलं जाऊ नये म्हणून आदल्या दिवशीच गेटच्या ॲपमध्ये नोंद केली आणि सोबतच्या कोळशाच्या पोत्याचाही उल्लेख केला.

ॲसिड नको म्हणजे भांडी घरूनच स्वच्छ करून द्यायला हवीत. पाच लिटर उकळत्या पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा टाकून भांडं अर्धा तास त्यात ठेवलं की जुना तेलकट थर सुटतो. मग चिंच-मीठ किंवा पितांबरीने घासून भरपूर पाण्याने धुवायचं. शेवटचं धुणं महत्त्वाचं. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की तिथे कथील धरत नाही, चट्टा राहतो. ऑनलाइन घेतलेल्या नव्या पितळी भांड्यांवर बऱ्याचदा पारदर्शक लाखेचा थर असतो, तो आतून-बाहेरून काढल्याशिवाय भट्टीला देऊ नका. जळतो आणि काळे डाग कायमचे बसतात.

प्रत्यक्ष कल्हई बघण्यासारखी असते. चाचांनी मोठ्या पातेल्यात काथ्या आणि वाळू टाकून, आत पाय ठेवून, कंबरेतून गिरक्या घेत ते पुन्हा एकदा घासून घेतलं. धुतलं, सांडशीत धरून भट्टीवर आडवं धरलं. भात्याऐवजी हाताने फिरवायचा पंखा होता. पितळ लाल होऊ द्यायचं नाही. फार तापलं तर त्यातलं जस्त उडतं आणि तांबूस डाग पडतात, शिवाय तापलेलं पितळ आपटलं तर तडा जातो. पुरेसं तापलं की कापसाच्या बोळ्याने चिमूटभर नवसागर आत फिरवायचा. भस्सकन पांढरा धूर येतो, नाकाला झोंबतो, आणि काळपटलेलं पितळ क्षणात उजळतं. नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराईड, तापून फुटतो आणि धातूवरचा गंज खाऊन टाकतो. त्या उघड्या, स्वच्छ धातूलाच कथील चिकटतं, आणि ही संधी काही सेकंदांचीच असते. लगेच कथिलाची कांडी आतून टेकवली. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे टेकताच थेंब सुटून घरंगळायला लागले. बोळ्याने तळापासून काठाकडे, गोल गोल, एका दमात पुसत नेलं, आणि पिवळं भांडं बोळ्याच्या मागोमाग चांदीसारखं पांढरं होत गेलं. मग पाण्याच्या बादलीत, चर्र. पेटलेल्या भट्टीवर मध्यम पातेल्याला पाच ते सात मिनिटं लागली. सकाळी नऊला सुरू केलेलं काम अडीचला संपलं, दहा किलो लाकडी कोळसा लागला.

भांडं हातात घेताना तीन गोष्टी बघा. आतली बाजू आणि तळ जिथे मिळतात तो कोपरा आणि काठाची दुमड इथे पिवळेपणा राहतो का; तळाला कथिलाचा जाड थेंब गोठलाय का; आणि बोट फिरवल्यावर काळं येतं का. काळं आलं तर नवसागराचा अवशेष आहे, धुतल्यावर जातो. पहिल्या दोन ठिकाणी चट्टे किंवा थेंब असतील तर भट्टी पेटलेली असतानाच परत द्या, दोन मिनिटांचं काम असतं. आमची चार भांडी अशी परत गेली. घरी आणल्यावर कणीक घातलेलं पाणी उकळून टाकून दिलं, मग वापर सुरू.

वापरातली बहुतेक पथ्यं त्या २३२ अंशांवरून निघतात. रिकामं भांडं आचेवर ठेवायचं नाही. त्यात फोडणी करायची नाही, कारण तेल धुरावायला लागेपर्यंत त्या आकड्याच्या आसपास पोचतं; लोखंडी पळीत फोडणी करून वरून ओतायची. पाणी असलेला पदार्थ शंभर अंशांच्या फार वर जात नाही, म्हणून वरण, आमटी, भात, खीर निर्धास्त. कुकरमध्ये डबा म्हणून छोटी तपेली ठेवली तरी चालते, तिथे १२० अंशांच्या आसपासच आच असते. इंडक्शनवर तांबं-पितळ तापतच नाही. लोखंडी चकती मध्ये ठेवून तापवायचा उपाय लोक सांगतात, पण चकती एकाच जागी भाजते आणि तळाची कल्हई पातळ होते. गॅस घ्या, मंद ते मध्यम. हिरवी घासणी, स्टीलचा डाव आणि डिशवॉशर वर्ज्य. नारळाची शेंडी आणि लाकडी डाव पुरे.

काही आठवड्यांत आतला पांढरेपणा जाऊन करडी झाक येते, ती झीज नव्हे, घासून काढू नका. झीज म्हणजे पिवळं किंवा तांबूस दिसू लागणं. रुपयाएवढा डाग दिसला की त्या भांड्यात आंबट बंद, आणि पुढच्या कल्हईच्या यादीत त्याचं नाव. रोजच्या वापरातलं माझं पातेलं पाचव्या महिन्यात तिथे आलं, सणावारी लागणारी मोठी तपेली अजून शाबूत आहे. वहीत प्रत्येक भांड्यापुढे तारीख लिहून ठेवली आहे, उरलेलं कथील त्याच कपाटात, आणि कमिटीकडे पुढच्या खेपेचा अर्ज दिवाळीच्या तीन आठवडे आधी जाईल, कारण त्यानंतर चाचांना वेळ नसतो.