निशिगंधाचा वाफा आणि सायाळ

अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात मी निशिगंधाचे शंभर कंद लावले. त्यातले निम्मे सासूबाईंच्या हातच्या जुन्या वाफ्यातून काढून सावलीत सुकवून ठेवलेले होते. बाजूच्या ओळीत वीस-एक ग्लॅडिओलस आणि कडेने झेंडू. आमचं घर गिरणाऱ्याच्या पुढे, काश्यपी धरणाच्या अंगाला आहे. मागे ओढा, ओढ्यापलीकडे करवंदीच्या जाळ्या आणि मग डोंगर. सासूबाई गेल्यापासून तो वाफा मी जपत आले आहे. गौरींना घरच्याच निशिगंधाच्या छड्या वाहायच्या, हा त्यांचा नेम होता.

मृगाचे दोन-तीन पाऊस झाले आणि एका सकाळी वाफ्यात सात खड्डे दिसले. प्रत्येक खड्डा वाटीएवढा, खाली निमुळता. कंद नाहीत, फक्त कांद्याच्या सालीसारखी टरफलं आजूबाजूला पडलेली. कोंब कुरतडून बाजूला टाकलेले होते. दुसऱ्या दिवशी आणखी अकरा खड्डे. मी त्या वाफ्याशेजारी बसून रडले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

शेजारच्या काकांनी पाहिलं आणि म्हणाले, "डुक्कर असणार वहिनी." पण रानडुक्कर आलं की सगळी जमीन नांगरल्यासारखी उलथते. हाती लागेल ते उपटतं. इथे झेंडूच्या एकाही रोपाला धक्का नव्हता. घूस म्हणावी तर ती मातीचे ढीग करून बिळं पोखरते, तसले ढीगही नव्हते. जो कोणी होता, त्याला जमिनीखालचा कंदच हवा होता, आणि तो नेमका कुठे आहे हे त्याला वासावरून कळत होतं.

मग मी एक गोष्ट केली, जी मला पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती. वाफ्याभोवती दोन हात रुंदीची जागा झाडून घेतली आणि चाळलेली माती अंथरून हाताने सपाट केली. त्या रात्री पाऊस नव्हता. पहाटे बॅटरी घेऊन गेले तर ठसे स्वच्छ उमटलेले: लहान पसरट पाऊल, मागच्या पायाची पाचही बोटं आणि पुढे नखांच्या खुणा. दोन्ही बाजूंना मातीवर बारीक रेघा, खराटा ओढत नेल्यासारख्या. आणि कुंपणाच्या करवंदीत अडकलेला एक काटा. वीतभर लांब, काळा-पांढरा, पिसाच्या देठासारखा हलका, टोकाला मात्र सुईसारखा. साळिंदर. आमच्याकडे सगळे सायाळच म्हणतात.

सायाळ हा कुरतडणाऱ्या प्राण्यांतला, उंदराच्याच मोठ्या कुळातला. दिवसा बिळात, रात्री बाहेर. कंदमुळं, साली, पडलेली फळं हे त्याचं खाणं. दात आयुष्यभर वाढत राहतात म्हणून रानात पडलेली हाडंही तो कुरतडतो. हे वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लावणीच्या वेळी मी वाफ्यात हाडांचा चुरा घातला होता, अगदी पसाभर नव्हे, तर घमेलंभर. त्याचाच वास त्याला इथवर घेऊन आला, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण यापुढे कंदांच्या वाफ्यात निंबोळी पेंड आणि शेणखतच घालायचं, एवढं मी ठरवून टाकलं.

ओळख पटेपर्यंत आणि पटल्यावरही उपाय सांगणारे खूप भेटले. मिरचीपूड टाकली, एका सरीने वाहून गेली. न्हाव्याकडून केस आणून पसरले, दोन रात्री बरं गेलं, तिसऱ्या रात्री केसांवरूनच तो आला. जुन्या साड्या बांधल्या, तर साडीच्या काठाखालून नाक घालून सरळ आत. हे उपाय कुठे कुठे थोडे दिवस चालत असतील, पण पावसाळ्यात वासावर विसंबून राहता येत नाही.

एकाने मात्र तारेत वीज सोडायला सांगितलं, दुसऱ्याने वायरचा फासा लावायला. दोन्हीला मी ठाम नाही म्हणाले. उघड्या तारेत घरची वीज सोडणं हा गुन्हा आहे आणि अशा तारांना चिकटून माणसं, गुरं मेलेली आहेत. फासा डुकरासाठी लावतात आणि अडकतो बिबट्या, आमच्या भागात तर बिबट्या कधीही येतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे सायाळाला मारता, पकडता येत नाही. आणि कायदा नसता तरी मी ते केलं नसतं. पन्नास कंदांसाठी कोणाचा जीव घ्यायचा?

वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर मी फोन केला. दोन दिवसांनी वनरक्षक दादा आले. ओढ्याच्या दरडीतलं बीळ त्यांनीच दाखवलं. तोंडाशी कुरतडलेली हाडं आणि ताजी उकरलेली माती होती. "बिळात धूर करू नका, दगड भरू नका. आत पिल्लं असू शकतात. ताई, तुमचा वाफा बंद करा, तो आपोआप दुसरीकडे जाईल." मला ते पटलं.

पहिल्यांदा बंद केला तो चुकीचा. पातळ कोंबडी जाळी आणली, सहा इंच खोल पुरली, वर तीन फूट उभी केली. मला वाटलं उंची महत्त्वाची. सायाळाला चढता येत नाही फारसं, पण त्याला चढायचं होतं कुठे? त्याने जाळीच्या मुळाशी उकरलं आणि खालून गेला. एके ठिकाणी जाळीच ताणून वाकवली होती. त्या रात्री नऊ कंद गेले.

दुसऱ्यांदा नाशिकच्या जुन्या गावातून जाड तारेची, इंची चौकटीची वेल्डमेश आणली. चार फूट रुंद, पन्नास फुटांचा रोल. माझा वाफा पंधरा फूट बाय सहा, म्हणजे भोवताल बेचाळीस फूट. ही जाळी उभी पुरायची नाही, तिला वाकवायचं. तळाचा एक फूट बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवला, त्यावरचा एक फूट जमिनीत आणि दोन फूट वर. प्राणी उकरायला लागतो तो नेहमी जाळीच्या अगदी पायथ्याशी. तिथे खाली आडवी जाळी लागली की पंजा अडतो, आणि एक फूट मागे सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही.

खरी मेहनत चराची होती. वर काळी माती, खाली मुरूम, आणि मुरुमात पहार टणटण वाजायची. चर फूटभर खोल आणि बाहेरच्या अंगाला फूटभर रुंद लागतो. गावातल्या दोन भावांनी दीड दिवसात तो काढून दिला. जाळी मात्र मी स्वतः वाकवली, फळीच्या कडेवर ठेवून, हातमोजे घालून. कापलेल्या टोकांनी तरी मनगट सोललंच.

कोपऱ्याची गोष्ट कुणी सांगत नाही. बाहेर वळवलेली पट्टी कोपऱ्यात वळत नाही, ती कापावी लागते आणि मग तिथे चौकोनी फट राहते. सायाळ नेमका तिथूनच आत येईल. रोलच्या उरलेल्या आठ फुटांतून मी फूट-दीड फुटाचे चार तुकडे कापले आणि प्रत्येक कोपऱ्यात बसवून बाइंडिंग तारेने शिवले. मग मुरूम भरून चोपला, वर ओढ्यातले दगड. फाटक केलंच नाही, कारण फाटकाखालीच फट राहते. आत जायला एक लाकडी स्टूल आत, एक बाहेर.

पुन्हा माती चाळून पसरली. पहिल्या रात्री ठसे पूर्ण वाफ्याभोवती फिरलेले दिसले. दोन ठिकाणी दगड ढकललेले, जाळीवर नखांच्या ओरखड्यांनी चकाकी आलेली. दुसऱ्या रात्रीही तसंच. पाचव्या रात्री ठसे थेट आंब्याखाली गेलेले, म्हणून आता पडलेली फळंही मी संध्याकाळीच वेचून घेते.

शंभरातले त्रेचाळीस कंद वाचले. मोकळ्या जागी मी नवे लावले, त्यांना यंदा पानंच आहेत. पण जुन्यांतल्या सहांना गौरी यायच्या आठवडाभर आधी छड्या आल्या. दोन छड्या मी सासूबाईंच्या फोटोसमोर ठेवल्या, चार गौरींना वाहिल्या. रात्री दार उघडं ठेवून बसले होते, तर ओढ्याच्या बाजूने काट्यांची खुळखुळ ऐकू आली आणि घरात निशिगंधाचा वास भरलेला होता.