घर घेतोयस म्हणजे नक्की काय घेतोयस?

मागच्या वर्षी एकदा रात्री अकराच्या सुमारास मित्राचा फोन आला. सुट्टीसाठी थायलंडला गेलेला, फुकेतला, आणि आवाजावरूनच कळत होतं की गडी हवेत आहे. "घेतोय रे, फायनल केलं. गच्चीतून समुद्र दिसतो." म्हटलं वा, पण घेतोयस काय? "घर." जमिनीसकट? "व्हिला आहे म्हणजे जमीन आलीच ना." मग विचारलं की जमीन कुणाच्या नावावर होणार, तर पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "कंपनीच्या." कुणाची कंपनी? "ते एजंट करून देतो म्हणालाय."

मी वकील नाही हे आधीच सांगून टाकतो. हिशेबाच्या कामात आहे, आणि कधीतरी कुणाचातरी परदेशातला करार वाचून दिला तेव्हापासून असले कागद आपोआप माझ्याकडेच येतात. पण इतके वाचून एक गोष्ट पक्की कळलीय. लोक फक्त "तिथे परदेशी माणसाला घर घेता येतं का?" एवढंच विचारतात, आणि त्याचं उत्तर बहुतेक देशांत "हो" असंच असतं. खरी भानगड त्या "हो"मध्ये असते, कारण प्रत्येक देश "हो" म्हणताना वेगळीच वस्तू हातात ठेवतो आणि आपण तिला घर म्हणून मोकळे होतो.

थायलंडचंच बघा. १९५४च्या जमीन कायद्यानुसार परदेशी माणसाला तिथे जमिनीची मालकी मिळत नाही. एक अपवाद आहे, ४ कोटी बाट (बाट म्हणजे थाई चलन) सरकारने ठरवलेल्या ठिकाणी गुंतवा, मंत्र्यांची परवानगी मिळवा, मग राहण्यापुरती १ राय म्हणजे १,६०० चौरस मीटर जमीन मिळू शकते, पण त्या वाटेने जाणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. मग व्हिला विकणारे काय करतात, तर दोन वाटा दाखवतात. पहिली वाट म्हणजे मित्राला सांगितलेली कंपनी. कागदावर ५१ टक्के शेअर थाई लोकांचे, म्हणजे कंपनी थाई झाली, आणि थाई कंपनी जमीन घेऊ शकते. आता हे ५१ टक्केवाले कोण? बऱ्याचदा अशी माणसं ज्यांनी स्वतःच्या खिशातून एक बाटसुद्धा घातलेला नसतो आणि तुमचं तोंडही पाहिलेलं नसतं. याला नॉमिनी म्हणतात आणि तो तिथे गुन्हा आहे, १९९९च्या परकीय व्यवसाय कायद्यात त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख बाटपर्यंत दंड आहे. एजंट म्हणतो "सगळेच करतात". करत असतील बापडे, पण चौकशी आली की नाव तुमच्या कंपनीचं असतं, एजंटचं नाही.

दुसरी वाट लीजची. जमीन ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घ्यायची आणि वरचं बांधकाम आपल्या नावावर. ही वाट कायदेशीर आहे, फक्त ब्रोशरवर "३० + ३० + ३०" असं छापतात आणि वाचणारा मनातल्या मनात ९० वर्षं धरतो तिथे गडबड होते. तिथल्या दिवाणी कायद्यात घराच्या लीजची मर्यादाच ३० वर्षं आहे. रजिस्टर होतात ती पहिली तीस, पुढच्या साठ वर्षांचं म्हणजे जमीनमालकाने दिलेला शब्द. तो मालक तीस वर्षांनी हयात असेल का, जमीन विकून मोकळा झाला असेल का, त्याच्या पोरांना तुमची ओळख तरी असेल का, कुणी सांगावं.

बरं, बायको थाई असेल तर? तर जमीन तिच्या नावावर होऊ शकते, पण लँड ऑफिसमध्ये नवऱ्याला सही करून द्यावी लागते की जमिनीसाठी वापरलेला पैसा हा बायकोचा स्वतःचा आहे, माझा त्यात काही हक्क नाही. पैसे नवऱ्याने दिलेले असतात, हे सही घेणाऱ्यालाही माहीत असतं, तरी सही होते. उद्या काडीमोड झाला तर तोच कागद समोर येतो.

मग सरळ रस्ता कुठला, तर कॉन्डो, म्हणजे इमारतीतला मालकीचा फ्लॅट. इमारतीतल्या सगळ्या फ्लॅट्सचं मिळून जे क्षेत्रफळ त्यातलं ४९ टक्के परदेशी लोकांच्या नावावर असू शकतं, पूर्ण मालकी, जन्मभर. फक्त त्या इमारतीचा कोटा शिल्लक आहे का याचं पत्र इमारतीच्या व्यवस्थापनाकडून आधी घ्यायचं. कोटा भरलेला असेल तर तोच फ्लॅट तुम्हाला लीजवर मिळतो, भिंती त्याच, खिडकीतून समुद्रही तोच, पण हातात आलेली वस्तू वेगळी.

हे सगळं मी मित्राला फोनवर तासभर सांगितलं, तो वैतागला आणि म्हणाला "एवढा त्रास असेल तर हे देश परदेशी माणसाला घर विकतातच कशाला?" प्रश्न उलटा आहे. त्यांना हवा असतो पैसा, जमीन जायला नको असते, आणि त्यामागे बहुतेक वेळा एखादी जुनी जखम असते.

मेक्सिको घ्या. टेक्सासमध्ये बाहेरची माणसं येऊन वसली, मग १८३६ मध्ये ती वेगळी झाली, आणि १८४८ पर्यंत देशाचा अर्धाअधिक भूभाग अमेरिकेकडे गेला. १९१७च्या राज्यघटनेच्या कलम २७ मध्ये म्हणूनच लिहिलंय की सीमेपासून १०० किलोमीटर आणि समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला जमिनीची थेट मालकी नाही. आता परदेशी माणसाला मेक्सिकोत घर हवं असतं ते किनाऱ्यावरच! म्हणून मधला मार्ग काढला, फिदेइकोमिसो. मालकी बँकेच्या नावावर, तुम्ही लाभार्थी, राहा, भाड्याने द्या, विका, वारस नेमा, मुदत ५० वर्षं आणि पुढे वाढवून मिळते. बँक दरवर्षी फी घेते. ही व्यवस्था चांगली चालते, उगाच घाबरू नये. पण त्यात एक अट असते जी मला फार आवडते. या मालमत्तेपुरतं मी स्वतःला मेक्सिकन समजेन आणि काही वाद झाला तर माझ्या देशाच्या सरकारकडे संरक्षण मागायला जाणार नाही, गेलो तर मालमत्ता मेक्सिकोकडे जमा, असं लिहून द्यावं लागतं. कार्लोस काल्वो नावाच्या अर्जेंटिनाच्या कायदेपंडिताच्या विचारातून ही अट आली म्हणून तिला काल्वो क्लॉज म्हणतात. थोडक्यात काय, भांडण झालं तर आईला बोलवायचं नाही. आणि मेक्सिकोत स्वस्तात कुणी जागा दाखवली तर ती एहिदोची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची शेतजमीन आहे का हे आधी तपासायचं, कारण तिचं रीतसर खाजगी मालकीत रूपांतर झालेलं नसेल तर तुम्ही पैसे देता आणि गावाने दिलेली चिठ्ठी घेऊन बसता.

बरं हे फक्त गरीब देशच करतात असं कुणी समजू नये. फिनलंडच्या ओलांद बेटांवर स्थानिक हक्क नसेल तर जमीन घेता येत नाही, आणि गंमत म्हणजे तिथे फिनलंडच्या मुख्य भूमीवरचा माणूससुद्धा परकाच, पाच वर्षं राहा, स्वीडिश बोला, मग अर्ज करा. डेन्मार्कला भीती होती की जर्मन लोक येऊन किनाऱ्यावरची सगळी समर हाऊसं उचलतील, तर त्यांनी युरोपियन युनियनच्या मास्ट्रिक्ट कराराला वेगळा प्रोटोकॉल जोडून घेतला आणि आपला जुना कायदा टिकवला. स्वित्झर्लंडमध्ये लेक्स कोलर नावाने ओळखला जाणारा १९८३चा कायदा आहे, बाहेरच्यांना हॉलिडे होमसाठी वर्षाला साधारण १,५०० परवाने, तेही ठराविक कँटनमध्ये, म्हणजे तिथल्या राज्यांत.

गेल्या काही वर्षांत कारण बदललंय, जमीन जाण्यापेक्षा घरांच्या किमतीची भीती जास्त. न्यूझीलंडने २०१८ मध्ये परदेशी लोकांना तयार घरं घ्यायला बंदी केली, ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरचे नागरिक सोडून. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून बंदी घातली आणि मग मुदत वाढवली, आणि तिथे नियम मोडला तर १०,००० डॉलर दंड तर आहेच, शिवाय कोर्ट घर विकायला लावू शकतं आणि तुम्हाला घेतलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे मिळत नाहीत. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून तयार घरांच्या खरेदीवर बंदी घातली. सिंगापूरने बंदी न घालता एप्रिल २०२३ मध्ये परदेशी माणसाची जादा स्टँप ड्युटी थेट ६० टक्के केली! मला विचाराल तर बंदी परवडली, निदान कुणी मोहात तरी पडत नाही. त्यातही अमेरिका, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड, लिख्टेनश्टाइनच्या नागरिकांना व्यापार करारामुळे सिंगापूरच्या नागरिकांसारखीच वागणूक मिळते, म्हणजे एकाच लिफ्टमधले दोन परदेशी शेजारी, एकाने ६० टक्के भरलेत आणि दुसऱ्याने पहिलं घर म्हणून जादा ड्युटी काहीच नाही.

आणि मग ज्या देशांत काहीच अडवत नाहीत, दार सताड उघडं, तिथे बाहेर पडताना बघावं लागतं. अमेरिकेत परदेशी माणसाने घर विकलं की खरेदीदाराने साधारणपणे विक्रीच्या किमतीच्या १५ टक्के कापून कर खात्याला द्यायचे असतात, नफ्याच्या नाही हां, किमतीच्या. तोटा झाला असला तरी आधी कापतात, मग रिटर्न भरून परत मागा. आणि मालक मेला तर अनिवासी परदेशी माणसाला इस्टेट टॅक्समध्ये, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेवरच्या करात, सूट फक्त ६०,००० डॉलरची, कुठला करार वगैरे लागू नसेल तर त्यावरचं सगळं हिशेबात. फ्रान्समध्ये तर मृत्युपत्र करूनही सगळं मनासारखं वाटता येत नाही, एक मूल असेल तर निम्मा हिस्सा, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश मुलांसाठी राखीव. युरोपियन युनियनच्या नियमाने ऑगस्ट २०१५ पासून आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा वारसा कायदा लागू व्हावा असं मृत्युपत्रात लिहिता येतं, पण ते लिहावं लागतं, आपोआप होत नाही, आणि फ्रान्सने २०२१ मध्ये त्यातही पाचर मारून ठेवलीय.

व्हिसाचं पण एक. घर घेतलं म्हणजे राहायचा परवाना मिळाला असं अजून लोकांना वाटतं. जपानमध्ये कुणीही घर घेऊ शकतं, पण त्याने व्हिसा मिळत नाही. पोर्तुगालने घरखरेदीवरचा गोल्डन व्हिसा, म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात राहायचा परवाना, ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद केला, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये. जाहिराती मात्र अजून फिरतायत.

एक किस्सा मात्र मी प्रत्येकाला सांगतो. एका ब्रिटिश जोडप्याने उत्तर सायप्रसमध्ये जमीन घेऊन व्हिला बांधला, स्विमिंग पूलसकट. तिथल्या प्रशासनाचे कागद सगळे व्यवस्थित. पण १९७४ मध्ये सायप्रसची फाळणी झाली तेव्हा ती जमीन सोडून दक्षिणेला जावं लागलेल्या कुटुंबातला माणूस मालक म्हणून उभा राहिला, आणि त्याने सायप्रस प्रजासत्ताकाच्या, म्हणजे दक्षिणेच्या, कोर्टात दावा लावला. कोर्ट म्हणालं व्हिला पाडा, जमीन परत करा, नुकसानभरपाई द्या. आता दक्षिणेच्या कोर्टाचा हुकूम उत्तरेत चालत नाही, म्हणजे जोडपं निर्धास्त असायला हवं. पण सायप्रस आणि ब्रिटन दोघंही तेव्हा युरोपियन युनियनमध्ये, त्यामुळे २००९ मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने सांगितलं की हा निकाल ब्रिटनमध्ये मान्य करावा लागेल आणि २०१० मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टाने तो केला. म्हणजे भरपाईसाठी त्यांच्या इंग्लंडमधल्या मालमत्तेवर हात पडू शकत होता. विकणाऱ्याने दिलेला कागद खरा आहे का एवढं बघून भागत नाही, त्याच्याही आधी ती जमीन कुणाची होती आणि तो माणूस कुठे गेला हेही विचारावं लागतं.

तर मित्राचं काय झालं. व्हिला सुटला. वहिनींनीच सोडवला खरं तर, नॉमिनीची कैद ऐकून त्यांनी स्पीकरवरच सांगितलं की "हे असलं काही मला नकोय." मग दोनेक महिन्यांनी त्याच भागात कॉन्डो बघितला, कोट्याचं पत्र आणलं, सगळं नीट, मी पण निश्चिंत. कॉन्डो परदेशी कोट्यात नावावर करायला पैसा बाहेरून आणि परकीय चलनात आलाय याचा थाई बँकेचा कागद लँड ऑफिसला दाखवावा लागतो, आणि पुढे विकल्यावर पैसे देशाबाहेर न्यायलाही तोच उपयोगी पडतो. हे त्याला मी तीनदा लिहून पाठवलं होतं, डॉलर डॉलर म्हणूनच पाठव, बाटमध्ये बदल तिकडची बँक करेल.

पठ्ठ्याने पहिला हप्ता कुठल्यातरी ॲपवरून बाटमध्ये पाठवला. रेट चांगला होता म्हणे. अर्थात बाट आले म्हणजे परकीय चलन आलंच नाही, म्हणजे कागद नाही. बिल्डरकडून ते पैसे परत मागवायला सात आठवडे गेले, दोनदा चलन बदलण्यात रेटचा फायदा गेलाच आणि वर थोडं पदरचंही गेलं, आणि मग तोच हप्ता डॉलरमध्ये पुन्हा पाठवला. या वेळी बँकेचा कागद मिळाल्याबरोबर त्याने मला फोटो पाठवला, खाली लिहिलेलं, "हाच ना तो?" मी झूम करून पाठवणाऱ्याचं नाव, पैसे घेणाऱ्याचं नाव, चलन आणि कारण असे चारही रकाने बघितले आणि हो म्हणून कळवलं.

आता मूळ कागद वहिनींच्या कपाटात आहे.