जुना लॅपटॉप, नोंद चौथी: ९.२ वरून ६.६ वॉट

मंडळी, बॅटरी बदलायचा विचार रद्द. बेळगावला खडेबाजारात विचारून आलो. ओरिजिनल येत नाही आणि डुप्लिकेटची गॅरंटी नाही. नवी असताना ४८ वॉट-तासांची होती, आता काठोकाठ भरली तरी ३१. जांबोटी भागात पावसाळ्यात फांदी तारेवर पडली की लाईट कधी येईल ते कोणी सांगू नये, आणि भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं मी रात्रीच साफ करतो. तेव्हा या ३१ मध्येच भागवायचं.

पहिली संध्याकाळ फुकट गेली. चार्जर लावूनच आकडे घेत बसलो होतो! बॅटरीतून काही जातच नव्हतं, मोजणार काय? दुसऱ्या दिवशी वायर काढली, स्क्रीनचा उजेड निम्म्यावर, वायफाय चालू, एकही खिडकी उघडी नाही. लिनक्समध्ये बॅटरीच्या फोल्डरात ‘पॉवर नाऊ’ नावाची फाइल असते, ती मायक्रोवॉटमध्ये आकडा देते. माझ्याकडे ९२ लाखांच्या आसपास, म्हणजे ९.२ वॉट. काहीही न करता! या हिशेबाने तीन तास वीस मिनिटांत खेळ खलास. (प्रत्येक बदलानंतर दहा मिनिटं थांबून मगच आकडा लिहा, लगेचचा फसवतो.)

मग पॉवरटॉप लावलं, म्हणजे कोणता प्रोग्रॅम वीज खातो आणि प्रोसेसरला किती वेळा उठवतो ते दाखवणारा लिनक्सचा प्रोग्रॅम. ‘टॉप’ या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये (कोण प्रोसेसर किती टक्के वापरतो ते तो दाखवतो) प्रोसेसर ९६ टक्के रिकामा दिसत होता, म्हणून मी आजवर निर्धास्त होतो. पण इथे किती टक्के काम झालं यापेक्षा सेकंदाला किती वेळा उठवलं हे बघायचं असतं. काम नसलं की प्रोसेसर पायरी पायरीने झोपेत उतरतो. खालच्या पायरीवर वीज अगदी थोडी लागते, पण तिथे उतरायला आणि परत वर यायलाही खर्च आहे, त्यामुळे बऱ्यापैकी झोप मिळाली तरच ते परवडतं. दुपारी डोळा लागतो न लागतो तोच कोणी दाराची कडी वाजवावी, काम काय तर ‘काही नाही, सहज आलो’, तसले हे प्रोग्रॅम. शिवाय प्रोसेसरच्या अनेक भागांपैकी एक भाग (कोअर) जरी जागा असला तर अख्खी चिप खालच्या पायरीवर जात नाही.

सापडलेली मंडळी: फाइलींची सूची करणारा इंडेक्सर (रेकॉर्डिंगच्या फोल्डरात सारखा घिरट्या घालायचा), लॉगिनबरोबर आपोआप उठणारी दोन चॅट ॲप, आणि बंद केल्यावरही मागे चालू राहणारा ब्राउझर. त्याची सेटिंग असते, बघा. या सगळ्यांना आवरल्यावर आकडा ७.४. पॉवरटॉपचं ऑटो ट्यूनही (वीज वाचवायच्या सेटिंग आपोआप लावणं) करून बघितलं, पण त्याने यूएसबी माऊसलाच झोपवलं. दर वेळी हलवून जागं करायचं. तेवढं परत फिरवलं.

७.४ वर मात्र गाडी अडली. तीन रात्री गेल्या. आई म्हणाली, “काय बडवायलास रात्रभर? झोपू दे की त्याला!” तिला काय माहीत, मी तेच करत होतो.

पॉवरटॉपच्या यादीत वरच एक ओळखीचं नाव होतं, आणि माझंच असल्यामुळे मी ते रोज ओलांडून जात होतो. लाईट गेल्याबरोबर स्क्रीनचा उजेड कमी व्हावा म्हणून गेल्या वर्षी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम. ती सेकंदाला पाच वेळा विचारायची, ‘चार्जर आहे का?’ आणि प्रत्येक वेळी त्यासाठी एक नवा प्रोग्रॅम उघडून बंद करायची. तो इतका अल्पायुषी की टॉपच्या दोन नजरांच्या मध्ये जन्मून मरायचा, दिसायचाच नाही. बॅटरी वाचवायला ठेवलेला राखणदारच बॅटरी खात होता!

खरं तर विचारायची गरजच नाही. चार्जर निघाला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच निरोप देतो. तो निरोप ऐकून ठरलेलं काम करणाऱ्या यूडेव्हमध्ये एका ओळीचा नियम लिहिला, स्क्रिप्टमधला सारखं विचारत राहणारा लूप उडवला. आकडा ६.६, म्हणजे हिशेबाने चार तास चाळीस मिनिटं.

विंडोजवाल्यांनी ‘पॉवरसीएफजी’ ही कमांड एनर्जी पर्यायासह ॲडमिन म्हणून चालवा, ६० सेकंदांत अहवाल मिळतो. त्यात टायमरची, म्हणजे प्रोसेसरला ठरावीक वेळाने उठवणाऱ्या घड्याळाची ओळ बघा. मुळात टायमर १५.६ मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला ६४ ठोके. एखादा प्रोग्रॅम १ मिलिसेकंद मागतो, की झाले हजार. विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीआधी एकाने मागितलं की सगळ्या मशीनला ते लागू व्हायचं, त्यामुळे जुनी आवृत्ती असेल तर जास्तच बघा.

काल लाईट सात दहाला गेली, दहा पन्नासला आली. मधल्या वेळात दोन अभंग साफ झाले. काम करताना आकडा साडेसातच्या आसपास होता, शेवटी ११ टक्के उरले. आता वायफाय कार्डाकडे वळतो, तेही रात्री कोणाशी तरी बोलत असतं.