किल्वा किसिवानीची मोठी मशीद: आधी बिनछपराचे दालन पाहा

टांझानियात दार एस सलामहून दक्षिणेला साधारण ३०० किलोमीटरवर किल्वा मसोको लागते. बसमध्ये दिवसाचा मोठा भाग जातो, म्हणून मुक्काम तिथेच ठेवावा. समोरच्या किल्वा किसिवानी बेटाचा परवाना, गाईड आणि होडी याच गावात ठरते. भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्या. ओहोटीला होडी काठाला लागत नाही, पाण्यातून चालावे लागते आणि प्रवाळ तळपाय कापते. मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यातच. मार्च ते मे पावसाचे, ते महिने टाळा.

मशिदीत पाय आपोआप घुमटांकडे वळतात. त्याआधी उत्तरेकडच्या उघड्या दालनात शिरा. हा मूळ भाग, ११व्या-१२व्या शतकातला. मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, उत्तरेच्या भिंतीत आहे, कारण इथून मक्का उत्तरेला. भारतातल्या पश्चिमाभिमुख मशिदींची सवय असलेल्यांचा इथे हमखास गोंधळ उडतो. नऊ खांबांवर सपाट छत होते: खारफुटीचे वासे आणि वर प्रवाळ-चुन्याचा जाड थर. वाशाच्या लांबीला मर्यादा, म्हणून खांब इतके जवळ. हे ध्यानात आले की दक्षिणेच्या भागाचे धाडस कळते.

तो विस्तार १४व्या शतकाच्या सुरुवातीचा, सुलतान अल-हसन इब्न सुलेमानच्या काळातला. त्यातले एकसंध प्रवाळाचे खांब आणि छत टिकले नाही. आज दिसतात ते अष्टकोनी खांब १५व्या शतकातल्या पुनर्बांधणीचे, दगड-चुन्यात रचलेले. वर घुमट आणि कमानी छते आलटून पालटून. भिंतींना जमिनीवरचा खडबडीत प्रवाळखडक, तर कोरीव कामाला समुद्रातून ओला कापलेला प्रवाळ वापरला आहे. तो ओला असताना मऊ असतो, हवेत कडक होतो. कडा हाताळू नका, खांबांना टेकू नका. जुना चुना भुगा होऊन सुटतो.

१५०५ मध्ये पोर्तुगीज सेनानी फ्रान्सिस्को द अल्मेडाने हे शहर लुटले. १५०८च्या डिसेंबरात आपले दाभोळ जाळणारा तोच. बंदराजवळच्या गेरेझा किल्ल्यापाशी पोर्तुगीजांची आठवण निघतेच.

जवळची लहान घुमटांची मशीद चुकवू नका; तिची छते अधिक शाबूत आहेत. हुसुनी कुब्वा राजवाडा पूर्वेला दीड-दोन किलोमीटर, वाटेत सावली कमी. माणशी दोन लिटर पाणी, सोबत खाणे आणि सुटे शिलिंग घ्या. खांदे-गुडघे झाकलेले असावेत, बेटावर वस्ती आहे. परतीची वेळ नावाड्याशी निघतानाच पक्की करा.