“वापरून वापरून बसेल”: गाडीच्या डुप्लिकेट चावीचा माझा अनुभव

“ताई, चावी नवी आहे ना, वापरून वापरून बसेल.” हे वाक्य मी एकाच दुकानात दोनदा ऐकलं आणि दोन्ही वेळा खरं मानून घरी आले. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. गाडीची चावी वापरून बसत नाही. नीट कापलेली असेल तर पहिल्याच वेळी फिरते. चुकीची कापलेली चावी रोज जोर लावून फिरवत राहिलं, तर चावी सुधारत नाही, लॉक मात्र खराब होतं.

आमची गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, आणि तिच्यासोबत चावी एकच मिळाली. दुसरी करून घेऊ म्हणत चार वर्षं गेली. मग एकदा ती चावी सीटच्या फटीत पडली आणि अर्धा तास सापडेना. तेव्हा पोटात गोळा आला आणि दुसऱ्याच दिवशी दुकान गाठलं. तुमच्याकडेही एकच चावी असेल तर ती हातात आहे तोवरच दुसरी करून घ्या. एकही चावी नसेल तर कापायला नमुना राहत नाही आणि चावीच्या मुठीतल्या नव्या चिपची गाडीला ओळख करून देणंही अवघड होतं. काही गाड्यांत तर चालू असलेल्या दोन चाव्या जवळ असतील तरच तिसरी आपली आपण जोडता येते.

मशीन दिसायला सोपं आहे. सरकत्या पाटावर शेजारी शेजारी दोन शिकंजे. एकात आपली जुनी चावी, दुसऱ्यात कोरी. जुनीच्या दातांवरून एक निमुळती पट्टी फिरते, तिला गाईड म्हणतात. कोऱ्या चावीवर कटरचं चाक. गाईड जिथे खाली उतरतो तिथे कटर तेवढंच खोल कापतं. पितळेचा कीस उडाला आणि मिनिटभरात चावी तयार झाली. तिने दार उघडलं, मला हायसं वाटलं. इग्निशनमध्ये मात्र ती आत गेली आणि फिरेना. स्टेअरिंग अडकलं असेल म्हणून चाक हलवून पाहिलं, तरी नाही. त्या दादांनी कानस काढली, दोन दात घासले, पुन्हा घातली, पुन्हा घासले. शेवटी चावी जरा बाहेर ओढून झटका दिला की फिरायची. तेव्हाच ते वाक्य ऐकलं.

आठवडाभर मी तो झटका देत राहिले. एके सकाळी चावी आत अडकली. फिरेना आणि बाहेरही येईना. हलवत हलवत दहा मिनिटांनी निघाली, तेव्हा माझ्या अंगठ्यावर चावीचा वळ उमटला होता.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा जे झालं ते मी समोर उभी राहून पाहिलं, आणि काही बोलले नाही याची चुटपुट अजून आहे. नमुना म्हणून त्यांनी माझी मूळ चावी लावलीच नाही. आधी कापून, कानशीने घासलेली नवी चावीच शिकंजात लावली, का तर तिचे दात स्पष्ट दिसतात. म्हणजे नकलेची नक्कल. पहिल्या कापणीतली चूक जशीच्या तशी पुढे आली आणि तिच्यात दुसऱ्या कापणीची भर पडली. ही चावी तर दारालाही नीट लागेना. वाक्य पुन्हा तेच.

घरी येऊन मी तिन्ही चाव्या खिडकीसमोर धरल्या. मूळ आणि नवी पाठीला पाठ लावून उजेडात पाहिल्या की फरक लपत नाही. नव्या चावीच्या सगळ्या खाचा टोकाकडे केसभर सरकलेल्या होत्या आणि तिसरी खाच जास्त खोल गेली होती. मग मूळ चावीकडे नीट पाहिलं. तिचे उंचवटे इतक्या वर्षांत गुळगुळीत गोल झाले होते. मी ज्या नमुन्याच्या भरवशावर होते तोच झिजलेला होता.

हे सगळं उलगडून सांगितलं दुसऱ्या एका कारागिराने. गाडीच्या लॉकमध्ये पत्र्याच्या पातळ चकत्या असतात. योग्य चावी आत गेली की त्या सगळ्या एका पातळीत येतात आणि लॉक फिरतं. एक जरी चकती वर-खाली राहिली तरी लॉक अडतं. काही गाड्यांत दाराच्या लॉकमध्ये यांतल्या थोड्याच चकत्या असतात, म्हणून दार उघडलं याचा अर्थ चावी बरोबर आहे असा होत नाही. (दुकानातून निघण्याआधी दार, डिकी, इग्निशन सगळीकडे चावी लावून बघा, दहा-दहा वेळा फिरवून बघा. हे मी आधी केलं असतं तर आठवडा वाचला असता.) खाचांची खोलीही कशीही नसते. कंपनीने तिच्या पायऱ्या ठरवलेल्या असतात, पुष्कळ गाड्यांत एकेक पायरी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची. त्यामुळे पाव मिलिमीटरची झीज आपल्याला डोळ्यांनी कळत नाही, पण लॉकला कळते. जुनी चावी चालते कारण ती आणि लॉक बरोबरीने झिजलेले असतात. तिची नक्कल करताना मशीनची थोडीशी चूक मिसळली की संपलं.

त्यांनी कापण्याआधी काय केलं ते सांगते, कारण पहिल्या दुकानात हे कोणी केलं नव्हतं. दोन्ही शिकंज्यांत अगदी सारख्या दोन कोऱ्या चाव्या लावल्या. गाईड एकीला टेकला की कटर दुसरीला जेमतेम टेकलं पाहिजे, ना कमी ना जास्त. कटर हाताने फिरवून त्यांनी ते तपासलं आणि एक स्क्रू किंचित पिळला. चावी शिकंजात बसवतानाही अंदाज चालत नाही. काही चाव्या मुठीजवळच्या खांद्याला टेकवून बसवतात, काही टोकाला. तिथे जरा चूक झाली की सगळ्या खाचा सरकतात. माझ्या चावीत नेमकं हेच झालं होतं.

मग त्यांनी विचारलं, “गाडीसोबत धातूची छोटी पट्टी मिळाली होती का, नंबर असलेली?” मी नाही म्हणाले. घरी येऊन कागदपत्रांची पिशवी उपडी केली, तर गाडीच्या माहितीपुस्तिकेच्या मागच्या कप्प्यात ती पट्टी होती. बोटाच्या पेराएवढी, वर चार-पाच अक्षरं-आकडे. चार वर्षं ती माझ्या घरात होती आणि तिचा उपयोग मला माहीत नव्हता! त्या कोडवरून प्रत्येक खाचेची मूळ खोली कळते. मग झिजलेल्या चावीची नक्कल करावीच लागत नाही, कंपनीतून निघाली तशी चावी कापता येते. पट्टी नसेल तरी चांगला कारागीर झिजलेली चावी मोजून, प्रत्येक खाच जवळच्या पायरीला लावून कापू शकतो. तसं थेट विचारा.

कोडवरची चावी इग्निशनमध्ये पहिल्या वेळी फिरली. झटका नाही, जोर नाही. एवढा आनंद झाला की मी तीन-चार वेळा उगाच फिरवून पाहिली. कापल्यावर त्यांनी ती ब्रशच्या चाकावर धरून कडेचा कीस काढला. हेही बघून घ्या, नाहीतर तो कीस लॉकच्या आत जातो.

चिपचं काम दहा मिनिटांत झालं. चावीच्या मुठीत बिनबॅटरीची छोटी चिप असते. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते आणि ती आपला कोड सांगते. चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या या यंत्रणेला इमोबिलायझर म्हणतात. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. फक्त पातं कापलेल्या चावीने अशी गाडी सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते. म्हणून इंजिन सुरू झालं की लगेच उठू नका, थोडा वेळ चालू द्या. रिमोटचं बटण वेगळं काम आहे, ते चाललं म्हणजे चिप चालली असं नाही.

जाताना गाडीचे कागद आणि स्वतःचं ओळखपत्र न्या. ज्याने ते मागितलं त्याच्यावर माझा विश्वास जास्त बसला.

आता रोज नवी चावी वापरते, आणि तिच्यात घराच्या चाव्यांचा जुडगा अडकवत नाही, त्या वजनाने लॉक झिजतं. पट्टीवरचा कोड वहीत उतरवून ठेवला आणि पट्टी गाडीत न ठेवता घरीच जपून ठेवली. तो कोड ज्याच्या हाती लागेल त्याला पातं कापायला माझी चावी लागणार नाही.